मारहाणीच्या जखमा गरिबाच्याच अंगावर जास्त का असतात?

माणूस पडायला लागला की आपोआप हात पुढं टाकतो, तळहात जमिनीला टेकतो आणि मोडलंच तर बहुतेक वेळा मनगटापाशी मोडतं. पण समोरून काठी आली तर माणूस हात डोक्यावर आडवा धरतो, आणि मग मोडतं ते करंगळीच्या बाजूचं हाड, कोपर आणि मनगटाच्या मधोमध. मी बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं झाली, आणि "गोठ्यात पाय सटकला ओ सिस्टर" म्हणणारी बाई हात कसा धरून आलीये, सूज कुठं आहे, हे बघितलं की एक्स-रे व्हायच्या आधीच अंदाज येतो. नवरा शेजारीच उभा असतो, तिच्या आधी तोच उत्तरं देतो. मी त्याला केस पेपर काढायला खिडकीवर पाठवते आणि पडदा ओढून परत विचारते. कधी सांगते, कधी नुसती रडते, आणि बऱ्याचदा "राहू द्या ना सिस्टर, आठ दिवसावर कारखान्याला जायचंय" एवढंच म्हणते.

हे सगळं लिहायचं कारण असं की रात्रपाळीला मारहाणीची जी माणसं येतात ती जवळजवळ सगळी एकाच थरातली असतात, ऊसतोडवाले, सालगडी, तांड्यावरची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, दोन एकर कोरडवाहूवाली. तुम्ही म्हणाल सरकारी दवाखान्यात गरीबच येणार, पैसेवाले प्रायव्हेटला जातात. बरोबर आहे, मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण इंग्लंडचं उदाहरण बघा, तिथं साहेब असो की हमाल, इमर्जन्सीला सगळे त्याच सरकारी दवाखान्यात जातात आणि फुकट उपचार होतात, तरी तिथंसुद्धा मारहाणीमुळं अॅडमिट व्हायचं प्रमाण सगळ्यात श्रीमंत वस्त्यांपेक्षा सगळ्यात गरीब वस्त्यांत साधारण पाचपट निघालं. म्हणजे हा फक्त कोण कुठल्या दवाखान्यात जातं याचा खेळ नाही.

आपल्याकडचं बघायचं तर २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे. त्यात १८ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं की पंधराव्या वर्षानंतर कधी मारहाण झाली का. सगळ्यात गरीब घरांतल्या १०० पैकी ३९ बायका हो म्हणाल्या, सगळ्यात श्रीमंत घरांतल्या १७. न शिकलेल्या बायकांत ४०, बारावीपर्यंत किंवा पुढं शिकलेल्यांत १८. श्रीमंतांतल्या १७ सुद्धा कमी नाहीत हां, बंगल्यातल्या बाईलाही मार बसतो हे मला माहितीये, पण फरक दुपटीहून जास्त आहे आणि तो का आहे हे नीट समजून घ्यायला पाहिजे. जगाचा आकडा सांगायचा तर अपघात आणि हिंसा मिळून वर्षाला ४४ लाख माणसं जातात, त्यातली साधारण साडेबारा लाख हिंसेमुळं, यात स्वतःचा जीव घेतलेलेही धरलेत. आणि या ४४ लाखांतले ९० टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले.

लोक याचं एक सोपं उत्तर देतात, "ती माणसंच तसली, प्यायची आणि मारायची". हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय, पोलिसांच्या ऐकलंय, आमच्या स्टाफरूममध्येही ऐकलंय, आणि ते चूक आहे. तीच माणसं, तेच घर, पण पाऊस चांगला झालेल्या वर्षी वेगळं असतं आणि दुष्काळात वेगळं. २०१६ चं लातूर आठवा. मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्याच्या आधी, मार्चमध्येच, तिथल्या कलेक्टरांनी पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावलं होतं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत म्हणून, कारण पाण्यावरून मारामाऱ्या होतील अशी भीती होती. लातूरची माणसं एका उन्हाळ्यात स्वभावानं भांडखोर झाली असं कुणी म्हणेल का? घागरी तेवढ्याच होत्या आणि पाणी नव्हतं. बरं ज्याच्या बंगल्यात दहा हजार लिटरची टाकी आहे आणि फोन केला की प्रायव्हेट टँकर येतो, तो त्या गर्दीत उभाच नव्हता, त्यामुळं त्याला घागर लागायचा प्रश्नच नव्हता.

बांधाचंही तसंच आहे. आमच्याकडं पेरणीच्या तोंडावर डोकी फुटलेली भावकी येते, दोन्ही पार्टी एकाच वेळी, एकाला इकडच्या बेडवर आणि दुसऱ्याला तिकडच्या बेडवर ठेवावं लागतं. कारण काय तर नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांध कोरला. तीस एकरवाल्याला एक तास गेलं तर तो वकील लावतो, मोजणी आणतो, नाहीतर सोडून देतो. दोन एकरवाल्याला मोजणीची फी, तालुक्याच्या चकरा, बुडालेली मजुरी यातलं काहीच परवडत नाही, आणि सोडून द्यायचं म्हटलं तर पुढच्या वर्षी अजून एक तास जातं. मग तो कुऱ्हाडीचा दांडा उचलतो. मी कुणाचं समर्थन करत नाहीये, टाके मीच घालून घेते त्यांचे, मी एवढंच सांगतेय की भांडण मिटवायचे जे बिनामाराचे रस्ते आहेत, ते सगळे पैशाचे आहेत.

यात डोक्यावरच्या ताणाचा भाग वेगळाच. २०१३ साली एक अभ्यास छापून आला होता, तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, एकदा ऊस जायच्या आधी हात तंगीत असताना आणि एकदा पैसे आल्यावर. तोच माणूस, पण तंगीच्या दिवसांत गुण कमी, आणि पटकन मनात येईल ते न करता स्वतःला थांबवायची ताकद लागते त्या चाचणीतही मागं. हे वाचल्यावर मला आमच्या वॉर्डातले किती नवरे आठवले. "कसं झालं मलाच कळलं नाही" म्हणतात. सगळे खोटं बोलत नसतात. पण एक गोष्ट मात्र इथंच सांगते, हाच माणूस मुकादमावर हात उचलत नाही, सावकारावर उचलत नाही, तिथं त्याला बरोबर थांबता येतं. हात उचलतो तो जिच्यावर उचलला तरी चालतं असं त्याला लहानपणापासून दिसलंय तिच्यावर. तंगीनं संयम सुटतो, पण राग कुणावर काढायचा हे घराणं आणि गाव शिकवतं.

ऊसतोडीचं जरा सविस्तर सांगते कारण बीडमधून दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं रिकामी होतात. मुकादम उचल देतो, म्हणजे आधी पैसे देतो आणि ते सहा महिने तोडून फेडायचे. उचल माणसाला नसते, कोयत्याला असते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती एकटी धरली तर अर्धा कोयता. हे नीट लक्षात घ्या. तिची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, हिशेब नवऱ्याच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या हातात. मार खाऊन ती फडातून निघून जायची म्हटली तर जोडी मोडते, उचल अंगावर राहते, मुकादम नवऱ्याला धरतो, नवरा तिच्या माहेरच्यांना धरतो. राहायला कोपी, बांबू आणि प्लास्टिकची, कडीकोयंडा नाही, शेजारी ओळखीचे असले तरी ते त्याच टोळीतले, त्यांचीही उचल त्याच मुकादमाकडं. पहाटे चार-पाचला फड गाठायचा, लेकरं पाचटावर झोपवायची, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. यात तिला दवाखाना कुठला आणि पोलीस ठाणं कुठलं हे माहीत असायचं कारणच नाही, जिल्हाच दुसरा, कधी तर राज्यच दुसरं. आणि पोरीला काही होईल या भीतीनं आईबाप वयात आलेली पोरगी मागं गावात एकटी ठेवत नाहीत आणि फडावरही नेत नाहीत, लग्न लावून मोकळे होतात. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या पोरी १०० मागं २२ होत्या, बीडमध्ये जवळपास ४४ आणि परभणीत ४८. सोळा वर्षांची पोरगी, शाळा सुटलेली, हातात पैसा नाही, ती कुणाला काय उलट बोलणार.

म्हणून मला विचाराल तर या सगळ्यात एकच प्रश्न खरा आहे, मार बसायच्या आधी किंवा पहिल्या मारानंतर त्या माणसाला तिथून निघता येतं का? निघायला जागा लागते, भाडं लागतं, दोन महिन्यांची ज्वारी-बाजरी लागते, लेकरांच्या शाळेचं बघावं लागतं. ज्याच्याकडं हे आहे त्याला एक थप्पड बसते, ज्याच्याकडं नाही त्याला वर्षानुवर्षं बसतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात साधारण पाचशे बायकांचा एक अभ्यास झाला, २००५ च्या सुमारास छापला गेला. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांच्यातल्या ४९ टक्के बायकांना नवऱ्याची मारहाण सोसावी लागली होती, ज्यांच्या नावावर जमीन आणि घर दोन्ही होतं त्यांच्यात ७ टक्के. एकोणपन्नास आणि सात! नवरे काही वेगळ्या मातीचे नव्हते. फरक असा की ही बाई निघू शकते हे नवऱ्याला माहीत होतं, किंवा निघायचं तर त्यालाच निघावं लागेल हे माहीत होतं. आपल्याकडं शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती म्हणून बायकोच्या नावावर जमीन करायची मोहीम चालवली होती, तेव्हा लोकांना ती भावनेची गोष्ट वाटली असेल. मला आता ती हाडं मोडायची थांबवायची गोष्ट वाटते. सातबारावर नाव लागणं हा सुद्धा आरोग्याचाच विषय आहे.

दारूबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीतच आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणात नवरा वारंवार पिऊन टाईट होतो अशा १०० पैकी ७० बायकांनी हिंसा सांगितली, नवरा अजिबात पीत नाही अशांत २३. पण त्या २३ कडंही बघा, नुसती दारू बंद करून सगळं संपत नाही.

आणि गरिबी म्हणजे फक्त पैसा नव्हे. मराठवाड्यात राहून जातीचं न बोलता हा विषय पुरा होत नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं मारली, आणि नाव बदललं ते १४ जानेवारी १९९४ ला, साडेपंधरा वर्षांनी. हल्ले वस्त्यांवर झाले कारण वस्त्या वेगळ्या होत्या, गावाच्या एका कडेला, जिथं हात घालणं सोपं. आजही गायरान कसणाऱ्याला मार बसतो तेव्हा त्याच्याकडं सातबारा नसतो, मारणाऱ्याच्याच शेतात त्याला उद्या खुरपायला जायचं असतं, आणि गावातलं किराणा दुकानही त्याच्याच भावकीचं असतं. मग तक्रार केली की उधारी बंद, काम बंद. पारधी समाजातल्या माणसाला मार बसला तर आधी "तू काय केलं होतंस" हे विचारतात. जखम तीच, पण ती घेऊन उभं राहायची जागा वेगळी.

आता जखम झाल्यानंतरचं. एकाच काठीचा मार दोन माणसांना बसला तरी दोन वेगवेगळ्या जखमा होतात, एवढा फरक पुढं पडत जातो. डोक्याला मार लागला, उलटी झाली, तर सिटी स्कॅन लागतो, आमच्याकडं नाही, मग अंबाजोगाई नाहीतर संभाजीनगरला घाटीत रेफर. १०८ ची अॅम्ब्युलन्स २०१४ पासून आहे आणि तिनं खूप जीव वाचवलेत हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण पेशंट नेला की मागं नातेवाईक लागतो, त्याची मजुरी, जेवण, घरची जनावरं कोण बघणार. म्हणून लोक स्वतःच्या जबाबदारीवर "सही देऊन" पेशंटला घरी घेऊन जातात. हात मोडलेली बाई प्लास्टर सहा आठवड्यांचं असताना तिसऱ्या आठवड्यात खुरपायला जाते आणि हाड वाकडं जुळतं. मग वजन उचलता येत नाही, मजुरी कमी, घरात किंमत कमी, आणि पुढच्या भांडणात ती अजून कमजोर. गरिबीनं जखम दिली आणि जखमेनं गरिबी वाढवली, हे चक्र मी एकाच घरात आईनंतर सुनेपर्यंत आलेलं बघितलंय.

कायद्यातली एक गोष्ट मला फार सलते. दुखापत साधी की गंभीर यावर पुढची केस ठरते. हाड किंवा दात मोडला तर गंभीर, डोळा-कान गेला तर गंभीर, आणि बाकी जखमांसाठी एक निकष असा की माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा त्याला नेहमीची कामं करता आली नाहीत. जुन्या कायद्यात हेच २० दिवस होतं, जुलै २०२४ पासून १५ झालं, म्हणजे सुधारलंच. पण विचार करा, बँकेतला माणूस रजा टाकून १५ दिवस झोपू शकतो आणि त्याची नोंद राहते. रोजंदारीवाली बाई बरगड्यांना मुका मार लागलेला असताना तिसऱ्या दिवशी कापूस वेचायला जाते, कारण चूल पेटवायची असते, आणि मग तिचं "कामाला गेली" हेच तिच्या विरोधात दिसतं. तिला दुखत नव्हतं असं नाही. तिला दुखायला सुट्टी नव्हती.

आणि मोजलंच जात नाही ते वेगळंच. राष्ट्रीय सर्वेक्षणात हिंसा झालेल्या १०० पैकी फक्त १४ बायकांनी कुणाकडं मदत मागितली होती. भाजलेल्यांचं तर विचारूच नका, "स्टोव्ह भडकला" हे वाक्य आमच्या आधीच्या पिढीतल्या सिस्टर लोकांनी किती वेळा लिहिलं असेल. २००१ या एका वर्षात भारतात जळून मेलेल्या माणसांचा संशोधकांनी अंदाज काढला तो एक लाख ६३ हजारांच्या वर गेला, त्यातल्या एक लाख सहा हजार बायका, आणि पोलिसांकडं जेवढी नोंद होती त्याच्या साधारण सहापट हा आकडा होता. सगळ्याच काही जाळलेल्या नव्हत्या, अपघातही होते, पण जो आकडा दिसतच नाही त्यावर सरकार काय करणार.

बदलता येतं का? येतं, आणि बदललेलं आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाच्या तोंडा-जबड्याच्या सर्जनला लक्षात आलं की आपल्याकडं येणाऱ्या बऱ्याच मारहाणी पोलिसांना माहीतच नसतात. मग दवाखान्यात फक्त तीन गोष्टी लिहायला लागले, मार कुठं बसला, किती वाजता, कशानं. नाव-गाव काढून टाकून ही यादी पोलिसांना आणि पालिकेला द्यायची. त्यावरून गस्त कुठं वाढवायची ते ठरलं, आणि तशाच दुसऱ्या शहरांशी तुलना केली तर मारहाणीमुळं अॅडमिट होणारे ४२ टक्के कमी झाले. यात महागडी मशीन एकही नाही, केस पेपरवर तीन ओळी. कोलंबियातलं काली शहर तर आपल्यासारखंच उसाच्या पट्ट्यातलं, १९९२ ला तिथं महापौर झालेले रॉड्रिगो गेरेरो हे स्वतः साथरोगांचे डॉक्टर, त्यांनी खून एखाद्या साथीसारखे मोजले तर ते शनिवार-रविवारी आणि पगाराच्या दिवशी जास्त होतात असं दिसलं, मग दारूविक्रीच्या वेळा आणि त्या दिवसांत बंदूक बाळगण्यावर बंधनं आणली. आमच्याकडं आठवडी बाजाराच्या रात्री कॅज्युअल्टी भरते, हे आम्हाला सगळ्यांना माहितीये, पण ते कुठं लिहून कुणाला पाठवत नाही.

बायकांसाठी दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग झाला, बचत गटासारखं छोटं कर्ज आणि त्याच्याच बैठकीत घरातल्या हिंसेवर, हक्कावर बोलणं, दोन्ही एकत्र. दोन वर्षांत जोडीदाराची मारहाण ५५ टक्क्यांनी कमी झाली. आपल्या गावोगाव बचत गट आहेत, बैठका होतात, हप्त्याचा हिशेब होतो. तिथं हा विषय निघायला पाहिजे. शिकागोच्या ३४३ वस्त्यांचा १९९७ चा अभ्यासही तेच सांगतो, सारख्याच गरीब दोन वस्त्यांत जिथं शेजारी एकमेकांच्या लेकरांना टोकतात, भांडणात मध्ये पडतात, तिथं हिंसा कमी. मुंबईत २००१ मध्ये वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' केंद्र सुरू झालं, दवाखान्यातच मार खाल्लेल्या बाईशी बोलायला माणूस. मला असा एक माणूस आमच्या कॅज्युअल्टीत पाहिजे, मी तीन वेळा मागणी केलीये, अजून मिळाला नाही, चौथ्यांदा करणार आहे.

तोपर्यंत तुमच्या ओळखीत कुणी असेल तर हे सांगा. मार लागला असेल तर कुठलाही दवाखाना, सरकारी असो की प्रायव्हेट, "आधी पोलिसात जा" म्हणून परत पाठवू शकत नाही, सुप्रीम कोर्टानं हे १९८९ लाच सांगितलंय, आधी उपचार. डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या जखमेची दवाखान्यातली कायदेशीर नोंद, करा म्हणा, त्याचा अर्थ लगेच केस झाली असा होत नाही, जखमेची नोंद राहते आणि वर्षभरानं कोर्टात गेलात तरी तीच उपयोगी पडते. बायकांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२, लेकरांसाठी १०९८. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं अर्ज करायला पैसे लागत नाहीत. बाई असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीचं कुणी असेल तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत विचारा. अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये तपासाला, तारखेला जावं लागलं तर जायचा-यायचा खर्च आणि त्या दिवसाचा भत्ता, तोही किमान वेतनापेक्षा कमी नाही, असा नियमच आहे, पण तो मागावा लागतो.

केस पेपर मात्र जपून ठेवा. माझ्याकडं आलेली एक बाई तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ज्वारीच्या कोठीत ठेवायची, घरात दुसरी कुलपाची जागा नव्हती म्हणून. दोन वर्षांनी अर्ज केला तेव्हा तो कागद जसाच्या तसा निघाला, आमच्या रजिस्टरचा नंबर त्यावर स्पष्ट वाचता येत होता. मोबाईल असेल तर फोटो काढून बहिणीला, मैत्रिणीला, आशाताईला पाठवून ठेवा, आणि स्वतःच्या फोनमधून काढून टाका.